लिओ पद्धतीचं इकत: ताणा चढवण्यापासून सारोंगची शिवण घालेपर्यंत

घरी इकत (धागे आधी बांधून रंगवायचे आणि मग विणायचे) करून बघणाऱ्यांची एक तक्रार ठरलेली असते. "गाठी नीट बांधल्या होत्या, रंगही छान चढला, पण विणल्यावर नक्षीचा पार चिवडा झाला." मग कुणी रंगाला दोष देतं, कुणी गाठींना. असे बिघडलेले बरेच नमुने मी उसवून पाहिले आहेत. गाठ सैल पडून वाया गेलेले त्यांत थोडेच निघाले. बाकीच्यांत धाग्यांचा क्रम हलला होता, तोही बहुतेक वेळा रंगाच्या बादलीपर्यंत पोचण्याआधीच. म्हणून या लेखात ताणा (मागावरचे उभे धागे) चढवणं आणि तो पुन्हा मांडणं, या दोन कंटाळवाण्या कामांना जास्त जागा दिली आहे.

पद्धत लिओ लोकांची आहे. इंडोनेशियातल्या फ्लोरेस बेटाच्या मध्यभागी, एंडे जिल्ह्यात, केलीमुतू ज्वालामुखीच्या परिसरातल्या न्गेला, जोपू, वोलोजिता अशा गावांतल्या बायका कमरेच्या मागावर हे कापड विणतात. बाईच्या सारोंगला, म्हणजे अंगाभोवती नेसायच्या नळीसारख्या कापडाला, तिथे 'लावो' म्हणतात. पूर्ण लावोला कित्येक महिने लागतात, त्यामुळे पहिल्याच फटक्यात त्या वाटेला जाऊ नका. इथलं माप ५ इंच रुंदीच्या पट्टीचं आहे. कृती आणि क्रम मात्र पूर्ण कापडाचाच.

## सुरुवातीआधी: चार घोटाळे

बांधणी आणि इकत वेगळं. बांधणीत तयार कापड बांधून रंगवतात. इकतमध्ये कापड अजून अस्तित्वातच नसतं, बांधायचे ते धागे. मुळात मलय भाषेत 'इकत' म्हणजे बांधणं.

फक्त ताणा बांधायचा. पाटणच्या पटोळ्यात ताणा आणि बाणा (आडवे धागे) दोन्ही बांधून रंगवतात. लावोत नक्षी फक्त ताण्यावर, म्हणजे उभ्या धाग्यांवर असते. बाणा एकरंगी असतो आणि ताण्याखाली झाकून जातो. ताणा पुरेसा दाट नसेल तर बाणा डोकावतो आणि नक्षी फिकट, ठिपकेदार दिसते.

बांधलं ते उजळ राहतं. लावोची जमीन गडद तांबूस-तपकिरी आणि नक्षीच्या रेघा उजळ असतात. म्हणून नक्षी बांधायची आणि जमीन उघडी ठेवायची. वाचताना हसू येईल, पण शिबिरात दर वेळी कुणीतरी जमीनच बांधून ठेवतं.

नक्षी आडवी काढायची. नळीसारख्या शिवलेल्या सारोंगमध्ये ताण्याचे धागे अंगाभोवती आडवे फिरतात. मागावर सरळ उभा दिसणारा घोडा नेसल्यावर कुशीवर झोपलेला दिसेल. आकृती कागदावर काढल्यावर कागद ९० अंशांत फिरवा आणि मगच बांधायला घ्या. चौकट, शंकरपाळ्यासारख्या आकारांना याचा त्रास नाही, म्हणून पहिल्या कापडाला तेच घ्या.

## १. सूत: आधी धुणं, मग मोजणं

२/२० नंबरचं दुपदरी सुती सूत घ्या, न पॉलिश केलेलं. चकाकीचं मर्सराइज्ड सूत नको, त्यावर गाठ घसरते. या पट्टीला ताण्यासाठी सुमारे २५ ग्रॅम लागतं. बाणा आणि नासधूस धरून ५० ग्रॅमची लडी पुरते.

कोऱ्या सुतात मेण आणि तेलकटपणा असतो. लडी चार ठिकाणी सैल बांधून घ्या. भरपूर पाण्यात चमचाभर धुण्याचा सोडा आणि थोडा साधा साबण घालून तासभर मंद उकळू द्या. पाणी चहासारखं पिवळट झालं की बरोबर चाललंय असं समजा. नंतर स्वच्छ धुऊन सावलीत वाळवा.

तपासा: वाळलेल्या सुतावर पाण्याचा थेंब टाका. तो लगेच आत गेला पाहिजे. मण्यासारखा वर बसून राहिला तर पुन्हा उकळा.

धुणं ताणा चढवण्याआधीच उरकायचं, कारण सूत पहिल्या उकळीला आखडतं. ताणा चढवून, बांधून मग धुतलं तर सगळे धागे सारखे आखडत नाहीत आणि तुमची मापं तिथेच चुकतात.

## २. ताणा चढवणं

लाकडी चौकट करा. तिच्यात दोन गोल दांडे ७५ सेंटिमीटर अंतरावर घट्ट बसवा. धागा या दोन दांड्यांभोवती गोल गोल फिरवायचा. एक वेढा १५० सेंटिमीटरचा होतो. फ्लोरेसमध्येही ताणा असाच अखंड, वर्तुळाकार असतो आणि कापड विणून झाल्यावरच कापतात.

वरच्या थरात मध्याजवळ बांबूच्या दोन काड्या आडव्या ठेवा. पहिला धागा पहिल्या काडीवरून आणि दुसरीखालून न्यायचा, पुढचा धागा उलट. त्यामुळे काड्यांच्या मधे धाग्यांची फुली तयार होते. प्रत्येक धाग्याची जागा याच फुलीत नोंदलेली असते. ती टिकली तर सगळं टिकतं.

हिशोब असा. इंचाला ५६ धागे धरले आहेत. मधली ३ इंचांची पट्टी नक्षीची, म्हणजे १६८ वेढे. तिच्या दोन्ही बाजूंना १ इंचाचे साधे पट्टे, प्रत्येकी ५६ वेढे. एकूण २८०.

सावध: या टप्प्याला फक्त नक्षीचे १६८ वेढे चढवायचे. साध्या पट्ट्यांचं सूत वेगळं रंगवून ठेवतात आणि दोन्ही ताणे मागावरच एकत्र आणतात. सगळं एकदम चढवून एकत्रच बादलीत बुडवलं की साधे पट्टेही जमिनीच्याच रंगाचे होतात आणि कापडाची मांडणी हरवते.

ताण सगळीकडे सारखा राहायला हवा. एकाच माणसाने, शक्यतो एकाच बैठकीत चढवावं. मधे उठायची वेळ आली तर धागा चौकटीला गुंडाळून पक्का करून उठा. धागा तुटला तर जोडाची गाठ दांड्यापाशी आणा, नक्षीच्या मधे नको.

दर ६ वेढ्यांची एक जुडी करा. पॉलिएस्टरचा शिवणदोरा दुहेरी घेऊन जुड्यांच्या वरून-खालून गुंफत ताण्याच्या आरपार न्या, म्हणजे जुड्या सुट्या पण क्रमाने बांधलेल्या राहतात. हे वरच्या आणि खालच्या दोन्ही थरांत, दोन्ही टोकांना करा. दोरा पॉलिएस्टरचाच हवा. सुती दोरा निळीत बुडून ताण्यासारखाच होतो आणि नंतर सापडत नाही.

तपासा: २८ जुड्या भरल्या पाहिजेत. एकीत ५ किंवा ७ वेढे आले तर आत्ताच दुरुस्त करा, नंतर तो फरक काढता येत नाही.

## ३. नक्षी मांडणं आणि बांधणं

३ इंचांत २८ जुड्या, म्हणजे विणल्यावर एका जुडीची रुंदी साधारण २.७ मिलिमीटर. पण ५ मिलिमीटरपेक्षा आखूड गाठ हाताने नीट बसत नाही. चौकोनी आलेखाच्या कागदावर 'एक घर म्हणजे एक जुडी, एक गाठ' असं धरलं की शंकरपाळा ताण्याच्या दिशेने दुप्पट लांबतो. उपाय सोपा आहे: दोन शेजारच्या जुड्या मिळून एक घर धरा. आता घराची रुंदी ५.४ मिलिमीटर आणि गाठीची लांबी साडेपाच. घर जवळजवळ चौकोनी झालं आणि रुंदीला १४ घरं मिळाली.

जुड्या मात्र एकत्र बांधायच्या नाहीत. दोन्हींवर एकाच उंचीला वेगवेगळ्या गाठी घाला. जाड जुडीच्या आतपर्यंत रंग पोचत नाही.

वरचा आणि खालचा थर एकत्र धरून बांधला तर मेहनत निम्मी होते आणि नक्षी कापडात दोनदा, आरशातल्यासारखी उमटते. तेव्हा एका गाठीत १२ पदर येतात. फुलीची जागा सोडून बांधा. तिथे नक्षीत खंड पडतो, कापड कापायचंही तिथेच येतं.

बांधायला तिकडे ताडवर्गी झाडांच्या कोवळ्या पानांच्या चिंध्या वापरायची रीत आहे. आता प्लॅस्टिकची पट्टीही सर्रास चालते. आपल्याकडे मिठाईच्या पुड्याला बांधतात ती चपटी प्लॅस्टिकची सुतळी घ्या आणि उभी फाडून ३-४ मिलिमीटरच्या पट्ट्या करा. दोन रंगांची घ्या. का, ते पाचव्या टप्प्यात कळेल.

बांधायची रीत:

- पट्टीचं टोक जुडीवर आडवं ठेवा आणि पहिला वेढा त्याच टोकावरून घ्या, म्हणजे टोक दबून बसतं.
- कडेला कड लावत चार-पाच वेढे ओढून घ्या. दोन्ही कडांचे वेढे सगळ्यात घट्ट हवेत, रंग तिथूनच आत शिरतो.
- शेवटी सुटी सरकगाठ मारा आणि शेपूट सेंटीमीटरभर ठेवा. आखूड शेपटाची गाठ उघडताना ब्लेड सुताला लागतं.
- गाठीच्या दोन्ही टोकांना रंग थोडा सरकतोच, म्हणून हव्या मापापेक्षा केसभर लांब बांधा.

चौकटीवर दर १० सेंटिमीटरला एक आडवा दोरा ताणून लावा. प्रत्येक गाठीचं अंतर या दोऱ्यापासून मोजायचं. शेजारच्या गाठीपासून मोजत गेलात तर अर्ध्या मिलिमीटरची चूक विसाव्या ओळीपर्यंत सेंटिमीटर होते. माझ्या पहिल्या ताण्यात असंच झालं. उजवीकडचे शंकरपाळे डावीकडच्यांपेक्षा बोटभर खाली उतरले होते. अर्धा दिवस मी ताण्यालाच दोष देत बसले होते!

तपासा: नखाने गाठ जुडीवर सरकवून बघा. सरकली तर ती रंगातही सरकेल. सोडून पुन्हा बांधा. मग सगळा ताणा दोन हात लांबून, डोळे बारीक करून बघा. कागदावर न दिसलेली चूक इथे दिसते.

नक्षीबद्दल एक गोष्ट. लिओ कापडांत काही नमुने कुणी, कधी नेसायचे हे ठरलेलं असतं. पटोळ्याच्या मांडणीवर बेतलेला 'सेम्बा' हा खांद्यावरचा शेला मोसालाकींचा, म्हणजे तिथल्या परंपरागत प्रमुखांचा. शिकताना बांधायची रीत शिका. आख्खा सेम्बा उतरवून 'लिओ शेला' म्हणून विकायला ठेवू नका.

### चौकटीवरून उतरवताना

सगळ्यात जास्त ताणे इथे मरतात. दांडे काढण्याआधी हे करा:

1. फुलीच्या दोन्ही बाजूंनी, काड्यांच्या जागी, जाड दोरा ओवून त्याची टोकं एकमेकांना बांधा.
2. दोन्ही दांड्यांच्या जागी जाड दोऱ्याचे फास घाला. रंगवताना ताणा यांच्यावरच टांगायचा.
3. जुड्यांची गुंफण चारही ठिकाणी शाबूत आहे ना, बघा.

मगच दांडे सरकवून काढा. बोटांनी फुली 'अशीच धरून ठेवते' म्हणणारी व्यक्ती दर शिबिरात एक तरी असते.

## ४. निळा

पहिलं कापड निळ्यावरच संपवा, अशी माझी शिफारस आहे. लाल रंगाला वेळ लागतो आणि चुका झाकायला तो मदत करत नाही.

फ्लोरेसमध्ये नीळ झाडाच्या ताज्या पानांपासून काढतात. पानं पाण्यात कुजवतात आणि चुना घालतात. ताजी पानं आपल्याला सहज मिळत नाहीत, म्हणून नैसर्गिक निळीच्या पुडीचा हौद, म्हणजे बुडवायचं रंगाचं पाणी, लावूया. ५ लिटरच्या बादलीला प्रमाण १:२:३, म्हणजे २० ग्रॅम नीळ, ४० ग्रॅम विरलेल्या चुन्याची कोरडी पूड, ६० ग्रॅम फळसाखर (फ्रुक्टोज). पानाला लावायचा ओला चुना वजनात धरू नका, त्यात निम्मं पाणीच असतं.

निळीची पूड थोड्या कोमट पाण्यात गाठी मोडेपर्यंत घोटा. पाणी साधारण ६० अंश गरम असताना त्यात नीळ घाला, मग फळसाखर आणि शेवटी चुना थोडा थोडा. ढवळताना फेस करू नका. झाकण ठेवा. पहिल्या तासात दर १५-२० मिनिटांनी हळू ढवळा, मग निवू द्या.

सावध: चुना डोळ्याला आणि त्वचेला भाजतो. हातमोजे घाला, तोंड बादलीवर धरू नका, मुलांना लांब ठेवा.

तपासा: वर तांब्यासारखी चकाकणारी साय आणि मधे जांभळा-निळा फेस. साय बाजूला केल्यावर खालचं पाणी पिवळसर-हिरवट, पारदर्शक दिसलं पाहिजे. पाणी निळंच असेल तर हौद अजून तयार नाही. अशा हौदातला रंग वरवर बसतो आणि पहिल्या धुण्यात निघून जातो. घाई करणाऱ्यांची निम्मी नीळ मोरीत जाते ती याचमुळे.

आता ताणा साध्या पाण्यात अर्धा तास भिजवा आणि दाबून पाणी काढा. पिळू नका, पिळल्याने गाठी फिरतात. फास काठीला अडकवून ताणा हौदात हळू सोडा. तळाचा गाळ लागता कामा नये. पाण्याखालीच बोटांनी जुड्या हलक्या हाताने मोकळ्या करत राहा.

पाच मिनिटांनी बाहेर काढा. हिरवा दिसेल आणि हवेत बघता बघता निळा होईल. १५-२० मिनिटं हवा लागू द्या, जुड्या उलटसुलट करा, पुन्हा बुडवा. असं चार ते सहा वेळा. एकदाच तासभर बुडवून ठेवल्याने गडद होत नाही. गडदपणा बुडवण्याच्या संख्येने येतो. ओलं सूत नेहमी गडद दिसतं, म्हणून हव्या रंगापेक्षा दोन छटा पुढे जाऊन थांबा.

शेवटी पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवा आणि सावलीत, ताणून वाळवा. गाठी अजून उघडू नका.

## ५. उघडायचं काय, झाकायचं काय

फक्त निळं-पांढरं कापड असेल तर गाठी तशाच ठेवून थेट सातव्या टप्प्यावर जा. लाल घ्यायचा असेल तर चार रंग कसे निघतात ते आधी नीट समजून घ्या. बहुतेकांचा गोंधळ इथेच उडतो.

- पांढरं राहायचं: दोन्ही रंगांत बांधलेलं.
- फक्त निळं: निळीत उघडं, लालाआधी बांधलेलं.
- फक्त तांबडं: निळीत बांधलेलं, मग उघडलेलं.
- काळपट तपकिरी: दोन्हींत उघडं.

म्हणून सुतळी दोन रंगांची. पांढऱ्या सुतळीची गाठ शेवटपर्यंत राहणार आणि गुलाबी सुतळीची निळीनंतर सुटणार, असा नियम करा आणि चौकटीला चिठ्ठी लावून ठेवा. आठवड्याने हे आठवत नाही.

गुलाबी गाठ सोडताना शेपूट ओढून सरकगाठ उलगडा. नाहीच सुटली तर शिंप्याकडचं शिवण उसवायचं टोकदार हत्यार घ्या आणि धार तुमच्या बाजूला, सुतापासून लांब ठेवून फक्त वरचा वेढा कापा. कात्री नको. मग निळ्या ठेवायच्या जागा नव्याने बांधा. त्यासाठी ताणा पुन्हा चौकटीवर, फुलीच्या काड्यांसकट चढवावा लागतो. हातात धरून बांधलेलं कधीच ओळीत येत नाही.

## ६. तांबडा

लावोचा तांबूसपणा बारतोंडीच्या मुळांचा. तेच झाड आपल्याकडेही आहे. रंग मुळाच्या सालीत असतो. तिकडे ती कांडून 'लोबा' नावाच्या झाडाच्या पानांसोबत किंवा सालीसोबत वापरतात. लोबा हा आपल्या लोध्राचा भाऊबंद आहे. ही झाडं जमिनीतलं ॲल्युमिनियम अंगात साठवतात, म्हणून पानंच तुरटीचं, म्हणजे रंग सुताला धरून ठेवायचं, काम करतात. त्याआधी सुताला जंगली अक्रोडाच्या बियांचं तेल पाजतात. तेल, क्षार, ॲल्युमिनियम आणि मुळाचा रंग एकत्र आले की तो पक्का तांबडा धरतो. आपल्याकडे तेलंगण-आंध्रातल्या तेलिया रुमालाच्या सुतालाही तेल आणि राखेच्या पाण्याचे संस्कार देतात, नाव त्यावरूनच पडलं.

निळा आधी आणि लाल नंतर, हा क्रम उलटवू नका. तेलकट सुतात नीळ डागाडागांनी चढते आणि हौदातला चुना तुरटीची पकड बिघडवतो.

घरी दोन वाटा आहेत.

छोटी वाट: २५ ग्रॅम सुताला ५ ग्रॅम हिरड्याची पूड कोमट पाण्यात घेऊन रात्रभर भिजवा. दाबून काढा. मग ४ ग्रॅम तुरटी गरम पाण्यात विरघळवून त्यात रात्रभर ठेवा आणि हलकं खंगाळा. रंग तांबूस-तपकिरी येतो, खोल लाल येत नाही.

लांब वाट: तेल आणि राखेच्या निवळीचं दुधासारखं पाणी करा. सूत भिजवा, वाळवा, पुन्हा भिजवा, असं काही दिवस चालू ठेवा. मग तुरटी किंवा लोबा.

सावध: तेल लावलेलं सूत ढीग करून किंवा पिशवीत कोंबून ठेवू नका. वाळणारं तेल स्वतःच तापतं आणि पेट घेऊ शकतं. दोरीवर एकेरी पसरूनच वाळवा. जंगली अक्रोडाच्या कच्च्या बिया चाखूनही बघू नका, पोट बिघडतं.

रंगासाठी ७५ ते १०० ग्रॅम वाळलेल्या मुळाची पूड रात्रभर पाण्यात भिजवा आणि हाताने खूप मळा. पातेलं स्टीलचं किंवा मुलाम्याचं घ्या. लोखंडाचा गंज लागला की लाल काळवंडतो. ताणा त्यात रात्रभर ठेवा, सकाळी काढून पूर्ण वाळवा, पुन्हा टाका. कमीत कमी तीन फेऱ्या. पाणी कोमटच्या वर नेऊ नका, उकळत्या पाण्यात प्लॅस्टिकच्या गाठी सैल पडतात.

तपासा: सुताचा एक तुकडा वेगळा ठेवा आणि प्रत्येक फेरीनंतर त्याचा नमुना कापून चिकटवा. तांबड्याऐवजी पिवळट येत असेल तर पाणी आंबट झालंय. राखेची चमचाभर निवळी घाला.

बारतोंडी जंगलातून उपटून आणू नका. मूळ काढलं की झाड जातं. वनौषधीच्या दुकानात वाळलेलं मूळ विचारा, तेही नाही मिळालं तर मंजिष्ठा वापरून बघा. रंग वेगळा असेल, शिकायला पुरेसा.

## ७. ताणा पुन्हा मांडणं

वाळलेला ताणा आधी चौकटीवर, मग गाठी उघडणं. उलट केलंत तर गाठींनी एकत्र धरलेले पदर सुटे होऊन पसरतात.

फुलीच्या दोऱ्यांच्या जागी काड्या परत घाला. दांड्यांवर ताण आणा. सगळ्या गाठी सोडा. आता प्रत्येक जुडीत ओळीतली उजळ रेघ शेजारच्या जुडीच्या रेघेशी जुळते का ते बघत जा. धागा मागे-पुढे झाला असेल तर दांड्यावरून सरकवून जागेवर आणा, वर्तुळाकार ताण्याचा हा मोठा फायदा. घाई नको. १६८ वेढ्यांना मला दोन संध्याकाळ लागतात.

नक्षीच्या कडा थोड्या पिसारल्यासारख्या दिसणारच. इकतची ती ओळख आहे. पण संपूर्ण जुडी ३-४ मिलिमीटर सरकली असेल तर ती चूकच, तिला सौंदर्य म्हणू नका.

जुळलं की दर १५ सेंटिमीटरला आरपार एक पातळ काडी गुंफा किंवा दोऱ्याने बांधा, आणि मग खळ. तांदळाची पातळ, गाळलेली पेज ब्रशने ताण्यावर एकाच दिशेने लावा आणि ताण्यावरच वाळवा. खळ धाग्यांना जागच्या जागी धरते आणि विणताना तंतू उठू देत नाही. दाट पेज लावली तर धागे एकमेकांना चिकटून पापड होतो. बोट बुडवल्यावर थेंब लगेच गळाला पाहिजे.

साध्या पट्ट्यांचे ताणे आता दोन्ही बाजूंना चढवा, त्याच ताणात आणि त्याच फुलीत.

## ८. विणणं

कमरेच्या मागाला चौकट नसते. एक दांडा खांबाला, दुसरा पोटाशी, कमरेला मागून पट्टा, आणि ताण तुमच्या पाठीने द्यायचा. अखंड ताण्याच्या या मागाला फणीही नसते, त्यामुळे कापडाची रुंदी सर्वस्वी तुमच्या हातात.

फुलीतल्या एका काडीच्या जागी जाड, गोल दांडा ठेवा, त्याने एकाआडचे धागे वर राहतात. उरलेल्या प्रत्येक धाग्याला दोऱ्याचा फास घालून सगळे फास एका काडीवर बांधा. ती उचलली की दुसरे धागे वर येतात. एकही धागा सुटला तर कापडभर उभी रेघ पडते, म्हणून पहिल्या चार ओळी विणून थांबा आणि मागची बाजूही बघा.

बाणा बारीक आणि जमिनीच्याच गडद रंगाचा घ्या. पांढरा बाणा घेतलात तर कडांना पांढरे ठिपके दिसत राहतील. प्रत्येक ओळीनंतर लाकडी तलवारीने (बाणा ठोकायच्या चपट्या पट्टीने) जोरात ठोका. ठोका मारताना पाठ मागे न्यायची आणि धागे उचलताना पुढे झुकायचं. नवशिके नेमकं उलटं करतात आणि मग धागे तुटतात म्हणून कुरकुरतात.

तपासा: दर ५ सेंटिमीटरला पट्टी लावून रुंदी मोजा. ५ इंचांवरून साडेचार झाली तर बाणा जास्त ओढताय, साडेपाच झाली तर सैल सोडताय आणि बाणा डोकावू लागेल.

कापड विणलं जाईल तसा ताणा दांड्यांभोवती फिरवत न्या. प्रत्येक वेळी फिरवल्यावर नक्षीची ओळ काटकोनात आहे ना, ते बघा. एक बाजू पुढे गेली असेल तर दांडा तिरपा बसलाय.

## ९. उतरवणं आणि शिवणं

शेवटचे २५-३० सेंटिमीटर विणता येत नाहीत, धागे उचलायला जागाच उरत नाही. फुलीसाठी सोडलेली जागा इथेच येईल असं बेतलं असेल तर नक्षी वाया जात नाही. तिथेच कापा. हातात साधारण १२० सेंटिमीटर कापड येतं.

पूर्ण सारोंगमध्ये असे रुंद पट्टे काठाला काठ लावून शिवतात आणि मग कापलेली टोकं जोडून नळी करतात. शिवण हाताने घाला आणि आधी दोन्ही पट्ट्यांच्या नक्षीची ओळ टाचण्या लावून जुळवा. मशिनची शिवण ताणली जात नाही, कापड मात्र ताणतं, आणि काठ चुरगळतो.

पहिलं धुणं थंड पाण्यात, रिठ्याने. खळ निघून जाईल आणि कापड मऊ पडेल. फक्त निळं कापड असेल तर पाण्यात थोडं व्हिनेगर चालतं, उरलेला चुना निघतो. तांबडं असेल तर व्हिनेगर किंवा लिंबू अजिबात नको, आंबटाने तो रंग पिवळा पडतो. वाळवणं सावलीत.

कापून उरलेले न विणलेले धागे फेकू नका. त्यांची जुडी बांधा आणि चिठ्ठी लावा: किती वेळा बुडवलं, नीळ किती, मूळ किती, पाणी कुठलं. पुढचा ताणा रंगवताना बादलीशेजारी टांगायला तीच जुडी लागते.